यूडायसमधली माहिती पालकांच्याही कामी येऊ द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री, शालेय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शाळा निवडण्यासाठी लागणारी माहिती पालकांना प्रवेशाआधी आणि मराठीत मिळण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्यात एक लाखाहून अधिक शाळा आहेत आणि प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक आहे. यूडायस म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती नोंदवणारी सरकारी यंत्रणा. आपल्या राज्याचे क्रमांक २७ ने सुरू होतात. वर्गखोल्या किती, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, पिण्याच्या पाण्याची सोय काय, ग्रंथालयात पुस्तकं किती, शिक्षक किती आणि कोण काय शिकलेलं, हे सगळं दरवर्षी या क्रमांकाखाली भरलं जातं. ते भरण्यात शिक्षकांचे किती तास जातात हे कोणत्याही मुख्याध्यापकांना विचारा. (ऐन माहिती भरण्याच्या दिवसांत मात्र विचारू नका.)

एवढ्या कष्टाने गोळा झालेली माहिती मंत्रालयात जाते, दिल्लीला जाते, अहवालांत जाते. ज्याला तीन-चार महिन्यांत मुलाचं नाव कुठल्या तरी शाळेत घालायचं आहे, त्या पालकाच्या हाती मात्र ती कामाच्या रूपात येत नाही. यूडायसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ नावाचं पान आहे, ते मला ठाऊक आहे. पण त्याची भाषा आणि मांडणी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या सोयीची आहे. दोन शाळा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असतील तर पालकाने कागद-पेन घेऊनच बसायचं.

मग पालक काय करतात? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतात. चौकातल्या फ्लेक्सवरचे गुणवंतांचे फोटो बघतात. खासगी संकेतस्थळांवर शाळांची यादी शोधतात. तिथे आधी मोबाइल नंबर मागतात आणि मग प्रवेशासाठी फोन सुरू होतात. कुठल्या शाळेला किती तारे द्यायचे हे तिथे कोण आणि कशावरून ठरवतं, ते लिहिलेलं असेलच असं नाही. आयुष्यातल्या मोठ्या खर्चांपैकी एक खर्च आणि मुलाची दहा-बारा वर्षं, हा निर्णय आम्ही असा ऐकीव माहितीवर घेतो.

आणखी एक अ‍ॅप काढा, अशी मागणी मी करत नाही. शिक्षकांच्या फोनमध्ये आहेत तेवढी अ‍ॅप पुष्कळ झाली. नव्याने काही भरून घेण्याचीही फारशी गरज नाही. जे आहे तेच पालकाच्या प्रश्नांच्या क्रमाने मांडलं तरी मोठं काम होईल.

पालकाचा पहिला प्रश्न साधा असतो : ही शाळा अधिकृत आहे का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत. कायदा कडक आहे. पण अनधिकृत शाळांची यादी वर्तमानपत्रात येते ती बहुतेक वेळा शाळा उघडायच्या तोंडावर. तोवर फी भरलेली असते, गणवेश शिवलेला असतो आणि शेजारच्या शाळेतल्या जागा संपलेल्या असतात. अनधिकृत शाळांची यादी जूनमध्ये देण्यापेक्षा अधिकृत शाळांची यादी डिसेंबरमध्ये द्या. त्यात मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, माध्यम कोणतं आणि मंडळ कोणतं, हे स्पष्ट असू द्या. ‘सीबीएसई पॅटर्न’ हे दोन शब्द पाटीवर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही आणि नावात ‘इंटरनॅशनल’ घातल्याने मंडळ बदलत नाही. हे पालकाला सहावी-सातवीत कळतं, तेव्हा परतीची वाट अवघड झालेली असते.

दुसरा प्रश्न फीचा. इथे आपल्या राज्याचा स्वतःचा कायदा आहे, २०११ चा शुल्क विनियमन कायदा. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी शाळेने सूचनाफलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची, संकेतस्थळ असेल तर तिथेही टाकायची, असं त्यात म्हटलं आहे. तरतूद चांगलीच आहे. फक्त सूचनाफलक गेटच्या आत असतो आणि गेटवर वॉचमन असतो. ज्याचं मूल आधीच त्या शाळेत आहे त्याला फी कळते. ज्याला अजून ठरवायचं आहे त्याला ‘ऑफिसमध्ये येऊन भेटा’ असं सांगतात. मंजूर फी यूडायस क्रमांकासमोर दिसली पाहिजे, आणि एकट्या यंदाची नको, मागच्या तीन वर्षांची. फी आज किती आहे यापेक्षा ती कशी वाढत गेली यावरून पालकाला पुढचा अंदाज येतो. बस, पुस्तकं, गणवेश आणि ‘अ‍ॅक्टिव्हिटी’च्या नावाखाली घेतले जाणारे पैसेही त्याच रकान्यात हवेत, कारण दमछाक तिथेच होते.

पण मला खरं बोलायचं आहे ते या दोन्हींच्या पलीकडच्या गोष्टीबद्दल. इमारत दिसते, मैदान दिसतं, फी निदान विचारता तरी येते. शाळेत मुलं टिकतात का आणि शिक्षक टिकतात का, हे मात्र बाहेरून कोणालाच दिसत नाही. माझ्या मते शाळेबद्दल सगळ्यांत जास्त सांगणारी गोष्ट हीच आहे. आणि ती सांगण्याची सोय आज तुमच्याकडे आहे. २०२२-२३ पासून यूडायसमध्ये मुलांची नुसती संख्या न भरता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. म्हणजे एखाद्या शाळेत पहिलीत असलेल्या मुलांपैकी चौथीत त्याच शाळेत किती उरली, हे मोजता येतं. त्यासाठी कोणालाही नवा तक्ता भरायला लावायची गरज नाही.

हाच हिशोब दहावीला लावून बघा. ‘सलग इतकी वर्षं शंभर टक्के निकाल’ असा फ्लेक्स लागतो, तेव्हा त्यामागे उत्तम शिकवणं असू शकतं. किंवा कच्ची मुलं नववीत थांबवलेली असू शकतात. काहींना ‘दुसरी शाळा बघा’ असं गोड शब्दांत सुचवलेलं असू शकतं, तर काहींच्या हाती १७ नंबरचा फॉर्म दिलेला असू शकतो, म्हणजे मूल खासगीरीत्या परीक्षेला बसणार आणि त्याचा निकाल शाळेच्या नावावर येणार नाही. आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला यातलं काही नवं नाही. आठवीत किती मुलं होती आणि त्यातली किती याच शाळेतून दहावीला बसली, एवढे दोन आकडे निकालाच्या टक्केवारीशेजारी छापा. मग त्या शंभर टक्क्यांचा अर्थ आमचा आम्ही लावू.

शिक्षकांचंही तेच. एका वर्षात वर्गावरच्या तीन बाई बदलल्या तर त्याची झळ लहान मुलांना कशी बसते हे घरी कळतं, पण प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. मागच्या वर्षीच्या शिक्षकांपैकी यंदा किती कायम आहेत हा आकडा यूडायसमधल्या शिक्षकांच्या नोंदींवरून काढता येईल.

इथे एक सावधगिरी लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक बदलतात ते बहुधा तुमच्याच विभागाच्या बदल्यांमुळे, त्यात शाळेचा दोष नाही. ऊसतोड कामगारांच्या गावातली मुलं दिवाळीनंतर पटावरून विरळ होतात, तेही शिकवणं वाईट म्हणून नाही. आकडा उघडा ठेवताना त्याच्याखाली कारण लिहायला शाळेला दोन ओळींची जागा द्या. माझा अनुभव असा की चांगले मुख्याध्यापक ही जागा आनंदाने वापरतील.

याच कारणासाठी माझी दुसरी विनंती आहे : शाळांना क्रमांक लावू नका, श्रेणीही देऊ नका. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही तपासणी संस्था बरीच वर्षं अख्ख्या शाळेला एका शब्दात मोजत असे, ‘उत्कृष्ट’ किंवा ‘अपुरी’ वगैरे. तिथल्या एका मुख्याध्यापिकेच्या मृत्यूनंतर २०२३ मध्ये यावर मोठा वाद झाला आणि सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी तो एक शब्द काढून टाकण्यात आला. गुणांच्या सरासरीवरून शाळा लावल्या तर यादीच्या वरच्या टोकाला सुखवस्तू घरांतली मुलं असलेल्या शाळा दिसतात, खाली गरीब वस्तीतल्या. अशी यादी आम्हाला शाळेबद्दल कमी आणि पालकांच्या खिशाबद्दल जास्त सांगते. पहिल्या पिढीचं शिकणारं मूल वाचायला लावणारी जिल्हा परिषदेची शाळा तिच्यात तळाशी जाईल, आणि ते चूक होईल.

ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये ‘माय स्कूल’ हे सरकारी संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा हाच पेच होता. पालकांचं शिक्षण आणि व्यवसाय यांसारख्या गोष्टी धरून त्यांनी प्रत्येक शाळेचा एक सामाजिक निर्देशांक काढला आणि शाळेचे निकाल तिच्यासारख्याच परिस्थितीतल्या शाळांच्या शेजारी ठेवले. त्या संकेतस्थळावर तिथे टीकाही भरपूर झाली, वर्तमानपत्रांनी त्यातून क्रमवारीच्या याद्या केल्याच. पण सारख्याची सारख्याशी तुलना, हे तत्त्व घेण्यासारखं आहे.

माहिती दिल्याने खरंच काही बदलतं का, अशी शंका विभागात कोणी काढेल. पाकिस्तानातल्या पंजाबात ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि आसिम ख्वाजा या अर्थतज्ज्ञांनी ११२ गावांत एक प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या गावांत पालकांना आपल्या मुलाचे गुण आणि गावातल्या सगळ्या शाळांचे सरासरी गुण असलेलं प्रगतिपत्रक देण्यात आलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसतं की त्या गावांतल्या खासगी शाळांची फी सुमारे १७ टक्के उतरली आणि मुलांचे गुण वाढले. हा कागद फार बारकाईचा नव्हता. गावाला तो समजला आणि शाळांना गाव तो वाचतंय हे समजलं, एवढं पुरलं.

आपल्याकडेही मार्ग अगदीच नवा नाही. सीबीएसईने आपल्या संलग्न शाळांना मान्यतेची कागदपत्रं, फी, शिक्षकांची संख्या, दहावी-बारावीचे निकाल स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायला लावले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळांनी मूलभूत माहिती स्वतःहून जाहीर करावी असं लिहिलं आहे. राज्य मंडळाच्या शाळांवर हे बंधन नसण्याचं कारण मला तरी दिसत नाही. आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक कार्यालयांना जे स्वतःहून सांगायला सांगितलं आहे, ते मिळवायला पालकाने दहा रुपयांचा अर्ज घेऊन का फिरायचं?

ज्यांचं मूल दिव्यांग आहे त्यांचं वेगळं सांगायला हवं. त्यांना ‘रॅम्प : आहे’ या नोंदीचा उपयोग थोडाच. विशेष शिक्षक शाळेत आठवड्यातून किती दिवस येतो, आज अशी किती मुलं शाळेत शिकतात, हे कळलं तर त्यांचे पुष्कळ नकार वाचतील. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्या पालकांनाही पोर्टलवर घरापासून शाळेचं अंतर दिसतं. अंतराच्या शेजारी बाकीचे चार रकाने टाकायला काय हरकत आहे?

भरलेली माहिती खरी कशावरून, हा प्रश्न उरतो. कागदावरचं ग्रंथालय प्रत्यक्षात कुलूपबंद कपाट असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. यावर उपाय कायद्यातच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. यूडायसची माहिती वर पाठवण्याआधी या समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, आणि विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघासमोर. ज्यांची मुलं त्या स्वच्छतागृहात रोज जातात त्यांच्यासमोर ‘पाणी : उपलब्ध’ असं वाचणं सोपं नसतं. जाहीर करायचे ते आकडे शाळेचे असावेत, कुठल्याही मुलाचं नाव किंवा गुण त्यात येता कामा नयेत, हे वेगळं सांगायला नकोच. जिथे इंटरनेट नाही तिथे परिसरातल्या सगळ्या शाळांचा मिळून एक छापील कागद अंगणवाडीत लावा. शाळेत नाव घालायच्या वयाची मुलं आणि त्यांच्या आया तिथे रोज येतात.

यूडायससाठी संदर्भ तारीख ३० सप्टेंबरची असते. त्या वर्षीची माहिती डिसेंबरअखेर मराठीत, शाळांची तुलना करता येईल अशी, खुली करा. सगळं राज्य एकदम जमणार नसेल तर एक शहरी आणि एक ग्रामीण तालुका घ्या, आणि पालकांना विचारून रकाने ठरवा. शाळांत किती मुलं आणि किती शिक्षक टिकले, हे दोन आकडे मात्र पहिल्याच वर्षी असू द्या, कारण शाळांकडून सर्वांत जास्त विरोध त्यांनाच होईल.

यावर विभागाने काय ठरवलं ते जाहीरपणे कळवावं, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक पालक