वाटी रिकामी आली नाही

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी चहा टाक" म्हणून विषय उडवता. तुमच्या मंडळाचं नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळतेय. गावाचंही लिहीत नाही. महाडपासून एसटीनं तासाभरावर, एवढं पुरे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्या भावानं पनवेलला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. वहिनी घाटावरची आणि दुसऱ्या जातीची. कुठल्या, ते सांगणार नाही. सांगितलं की वाचणारा आधी तेवढंच मोजतो आणि मग ठरवतो की गावकीचं किती चुकलं. गावकीची बैठक देवळात बसली. बाबांना मधे उभं केलं. दंड 25 हजार, देवापुढे नारळ ठेवून माफी, आणि सुनेनं गावात पाऊल टाकायचं नाही. बाबा आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. तेव्हाही एवढंच म्हणाले, "दंड कसला, ते सांगा. मग भरतो." ते कुणाला सांगता आलं नाही. त्या रात्रीपासून आमचं घर वाळीत.

वाळीत म्हणजे काय, हे मला तोवर गोष्टीतला शब्द म्हणून माहीत होतं. प्रत्यक्षात तो फार शांत प्रकार असतो. गिरणीत आईनं तांदळाचा डबा ठेवला. कुणी "नेऊ नका" म्हणालं नाही, कुणी हाकललं नाही. संध्याकाळी गेली तर डबा तिथेच, तांदळाचा तांदूळ. दुकानात साखरेचं पोतं डोळ्यांसमोर उघडं, आणि दुकानदार म्हणतो संपली. आमच्याशी बोलेल त्याला 500 रुपये दंड, हे आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. घरातल्या भांड्यांचे आवाज इतके मोठे असतात, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं, कारण बाहेरून दुसरा आवाजच येत नव्हता.

आणि शिमगा. होळीला मी माहेरी आले होते. आईनं पहाटे अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट तयार करून ठेवलं. मी म्हटलं, आई, येणार नाहीत गं. ती म्हणाली, माणसं नाही आली तरी देव येईल ना. देवाच्या पालखीपुढचा खालूबाजा जवळ आला. शेजारच्या अंगणात पालखी नाचली. मग ती उचलली आणि आमच्या दारावरून सरळ पुढच्या घरी. उचलणाऱ्यांत माझा चुलतभाऊ होता, त्यानं मान वळवून दुसरीकडे पाहिलं. आई ताट हातात धरून बराच वेळ उभी होती. मग आत जाऊन तिनं ओटीतला नारळ फोडला आणि आम्ही तो जेवणात घातला. देवाचा नारळ, पण करणार काय.

आता ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात बाबा दोनदा गेले. "गावातलं गावात मिटवा काका, कशाला अंगावर घेता," असं सांगून चहा पाजून परत पाठवलं. चहा मात्र दोन्ही वेळा पाजला, हे मान्य. एक पुढारी आले, ओट्यावर बसून फोटो काढला, "मी लक्ष घालतो" म्हणाले. लक्ष कुठे घातलं ते अजून सापडलेलं नाही. मुंबईतले आमचे भावकीवाले, ज्यांच्या लग्नांत बाबा आठ-आठ दिवस राबले, त्यांनी फोन करून सांगितलं, "टाका ना भरून. 25 हजारांत सुटताय."

आणि मी. इतरांना नावं ठेवली, तर हेही लिहायला हवं. तो शिमगा झाल्यावर परतीच्या गाडीतून मीही बाबांना फोन केला होता. "भरून टाका बाबा, नंतर बघू." ते काही बोलले नाहीत. फोन मात्र त्यांनी आधी ठेवला. असं आधी कधी झालं नव्हतं.

तुम्ही आमच्याकडे कशा पोचलात, अर्ज कितींदा झाले, कोणत्या कचेरीत कोण भेटलं, हे सगळं मी इथे गाळते. मला आठवतं ते हे की आजी गेली तेव्हा खांद्याला माणूस नव्हता. बाबा, भाऊ, माझा नवरा, आणि चौथा? बाबांनी मला विचारलं, "तू देशील?" मी हो म्हटलं. तेवढ्यात तुमची गाडी आली. त्यातून तुमचे निवृत्त गुरुजी उतरले, रिक्षावाले दादा उतरले, सायकलच्या दुकानातला तो दाढीवाला पोरगा उतरला, आणि ती कातकरी वाडीवरची ताई, जिनं कुणाला न विचारता आईला पोटाशी धरलं. आजीनं हयातभर शिवाशिव पाळली होती. तिच्या तिरडीला कोणकोणत्या जातीधर्माचे खांदे लागले हे तिनं पाहिलं असतं तर ती उठूनच बसली असती. हे मी तेव्हा रडता रडता भावाला म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. तसं हसायला मिळालं हेही तुमच्यामुळेच.

गुरुजींचे वेगळे आभार. आठवड्यातून एकदा ते ओट्यावर येऊन बसायचे. बाबांना धीर देण्याची त्यांची रीत भलतीच होती. "महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव 1924 चा. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं ते 20 मार्च 1927 ला. त्यावर लोकांनी तळं 'शुद्ध' केलं, वर खटला घातला. तो मिटला 1937 ला, हायकोर्टात. तुमचं अजून दीडच वर्ष झालंय." असं ऐकून कुणाला धीर येईल? बाबांना आला. कायद्याचंही त्यांनीच सांगितलं. मुंबई राज्यानं 1949 साली असल्या बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो 1962 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला नाही. मग थेट 2016 ला विधानसभेनं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमतानं मंजूर केला आणि 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मधली चौपन्न वर्षं," गुरुजी म्हणायचे, "गावक्यांना मोकळं रान होतं. सवय एका दिवसात जाते होय?" 2013 मध्ये अंनिसनं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, जातपंचायतींना मूठमाती द्यायची मोहीम उघडली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समितीच्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला, हे सांगताना मात्र ते थांबायचे आणि पाणी मागायचे.

तुमच्या कापडी पिशवीत त्या कायद्याची झेरॉक्स असायची, लॅमिनेट केलेली. "पावसात आणि चहात टिकायला पाहिजे ना," असं तुम्ही म्हणाला होतात. ठाण्यात तुम्ही ती टेबलावर ठेवलीत आणि साहेब वाचून होईपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. त्या दिवशी चहा आला नाही. तक्रार मात्र लिहून घेतली.

पण हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते यातलं काहीच नाही. ते आहे वाटीसाठी.

तुम्ही दुसऱ्यांदा आलात त्या दिवशी वहिनी घरी होती. तिनं शेंगदाण्याची चटणी केली होती, त्यांच्याकडची, उखळात कुटून तेल सुटलेली. तुम्ही भाकरीबरोबर खाल्लीत आणि म्हणालात, "घरी न्यायला दे गं थोडी." घरात एक म्हटल्यास एक प्लास्टिकचा डबा मिळेना, म्हणून वहिनीनं स्टीलच्या वाटीत भरून वर ताटली झाकून दिली. ती वाटी आईच्या लग्नातली. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजोबांचं नाव, कडेला एक पोचा. तुम्ही गेल्यावर आई पुटपुटली, "गेली वाटी." वाटीसाठी नाही म्हणाली ती. वाट्यांची ये-जा बंद होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. आमच्या आळीत कधी कुणाच्या घरातली सगळी भांडी त्याच घरात नसायची. एक पातेलं इकडे, दोन वाट्या तिकडे, कुणाचं बिरडं कुणाकडे. त्या वर्षात आमच्या मांडणीवरची सगळी भांडी जागच्या जागी होती. कधी नव्हे इतकी मोजून नीट.

अकराव्या दिवशी तुम्ही आलात. पिशवीतून वाटी काढून आईच्या हातात दिलीत. धुऊनपुसून लख्ख, आणि आत काठोकाठ साखर. तुम्ही काही बोलला नाहीत. मला तर वाटतं तुमच्या लक्षातही नसेल. वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपल्या सगळ्यांच्याच आयांची शिकवण, तुमचा हात सवयीनंच डब्यात गेला असेल. तेच तर. तुम्ही आमच्यावर दया दाखवायला आला नव्हतात, शेजारणीसारखी वाटी परत करायला आला होतात. आई वाटी घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा वहिनीनं केला. दुकानदारानं नाकारलेली साखर होती घरात आता, पण आईनं त्यातला कण वापरू दिला नाही. बिनसाखरेचा चहा प्यालात तुम्ही त्या दिवशी, आठवतंय? आम्हाला लाज वाटत होती, तुम्ही दुसरा कप मागितलात.

ती साखर आईनं पुढे दोन महिने तशीच ठेवली. मुंग्या लागल्या, तर तिनं वाटी पाण्याच्या ताटलीत उभी केली, पण टाकली नाही.

आणखी एक, जे आईनं मला परवा सांगितलं आणि लिहायला हरकत नाही म्हणाली. लग्नानंतर बराच काळ वहिनीच्या हातचं ती जेवत नव्हती. उपास आहे, पोट ठीक नाही, काहीबाही सांगायची. गावकीला शिव्या घालणारी आमची आई! आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नाही, वहिनीच्या आलं होतं. ज्या दिवशी तुम्ही ती चटणी मागून नेलीत, त्या रात्री आईनं भाकरीवर पहिल्यांदा ती चटणी घेतली. "परकी बाई मागून नेते आणि मी घरात बसून उपास करतेय," असं तिच्या मनात आलं म्हणे. तुमच्या मंडळाची शिबिरं, सहभोजनं, सगळ्या जातींच्या बायकांची हळदीकुंकवं, ज्यात विधवांनाही पहिल्या रांगेत बसवता, त्यांची मी टिंगल केलेली आहे. एकत्र जेवून काय होतंय, असं म्हणायचे. आता म्हणत नाही.

चांगली माणसं गावातही होती, हे विसरून चालणार नाही. शेजारच्या काकू अंधार पडला की कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा टाकायच्या आणि खोकायच्या, म्हणजे आम्हाला कळावं. 500 रुपयांची भीती त्यांनाही होती, त्यांच्या घरात पैसा तसा बेताचाच. एसटीचा एक वाहक बाबांना पाहून मुद्दाम मोठ्यानं "राम राम काका" म्हणायचा, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं. एवढंच. पण बाबा त्याच गाडीची वाट बघायचे, पुढची रिकामी असली तरी.

या शिमग्याला पालखी दारात थांबली. चुलतभाऊच पुढे होता. आईनं ओटी भरली, वहिनीनं नारळ दिला. कुणी माफी मागितली नाही, आम्हीही मागितली नाही. तीन घरं अजून येत नाहीत. न येवोत. गिरणीतून पीठ येतं.

काल वहिनी तुमच्याकडे आली होती ना, बाळाच्या बारशाचं सांगायला? तिच्याबरोबर आईनं वालाचं बिरडं पाठवलंय, त्याच पोचा पडलेल्या वाटीत. परत करायची घाई करू नका.

तुमची,
महाडकडची लेक