पर्शियन मांजर म्हणजे टेडी बेअर नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पर्शियन मांजरीचा मस्त गुबगुबीत फोटो आला आणि खाली लिहिलंय की ही मांजर शांत, प्रेमळ, 'फ्लॅटसाठी बेस्ट'. शांत आहे हो, खोटं नाही ते, आमच्याकडे चार वर्षं झाली बर्फीला आणून, दिवसभर एका जागी पडून असते, आवाज तर इतका बारीक की भूक लागली तरी शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. गावठी मांजर कपाटाच्या टोकावर जाऊन बसते, आमची फार तर दिवाणावर चढते. मांडीवर येते पण तिच्या मर्जीने, आणि पाहुण्यांची पोरं आली की दोन तास सोफ्याखाली.

पण 'बेस्ट'च्या पुढचं कोणी लिहीतच नाही ना!

पहिली गोष्ट केस. आत मऊ लोकर आणि वर लांब केस, असे दोन थर असतात, रोज 15-20 मिनिटं स्टीलच्या कंगव्याने विंचरावं लागतं. आम्ही लग्नाच्या गडबडीत आठ-दहा दिवस सोडून दिलं, वरून सगळं छान दिसत होतं हो, पण काखेत आणि मागच्या पायांच्या मध्ये जटा झाल्या, अगदी नमद्यासारख्या घट्ट, त्या कातडीला ओढत होत्या म्हणून ती चालायलाच तयार नाही. शेवटी डॉक्टरांनी ट्रिमर मारला, खाली कातडी लालभडक. आणि घरी कात्रीने कापू नका बरं का, कातडी पातळ असते, जटेबरोबर तीही कापली जाते.

दुसरं ते चपटं तोंड. विकणारे नाक जरा बाहेर असलं तर 'डॉल फेस' आणि अगदी आत दाबलेलं असलं तर 'पंच फेस' म्हणतात, जितकं चपटं तितका भाव जास्त. पण नाक आत दाबलं गेलं की डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाटच वाकडी होते, मग ते गालावर वाहतं, तपकिरी डाग पडतात, रोज कोमट पाण्याच्या कापसाने पुसा. खोल वाटीतलं खाता येत नाही, पसरट ताटली लागते. आणि आम्ही नागपूरकर, मे महिन्यात 45 डिग्री! मांजर काही कुत्र्यासारखी धापा टाकत नाही, तोंड उघडून श्वास घ्यायला लागली की समजायचं प्रकरण गंभीर आहे, सरळ डॉक्टरकडे. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की तिला बाथरूमच्या फरशीवर नेऊन ओल्या फडक्याने पुसत बसतो.

किडनीचं तर कोणी सांगतच नाही. या जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी म्हणतात, आई-बापापैकी एकाकडून आला तरी पुरतो. त्याची जीन टेस्ट निघालीय, सोनोग्राफीतही दिसतं. पिल्लू घेताना मी आईबापाचा रिपोर्ट मागितला तर विकणारा माणूस हसला, म्हणे 'मॅडम, मांजर घेताय की नवरा?' मीही हसले आणि पैसे दिले, चूक माझीच.

आणि हो, दूधपोळी, दहीभात घालून ती जगत नाही. मांजरीला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. शाकाहारी घरांनी आधी याचा विचार करावा, नंतर मांजरीला उपाशी ठेवून नाही. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजरीला ते विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.

पर्शियन घेऊच नका असं मी म्हणत नाही, माझा तर जीव आहे तिच्यावर. पण पुढच्या वेळी फोटो छापायचा असेल तर मला सांगा, ट्रिमर मारल्यानंतरचा पाठवते, पोटाला टक्कल, गालावर डाग, आणि चेहऱ्यावर असा राग की जणू मीच कापले सगळे केस.

– एक वाचक, नागपूर