छत्तीसवर आळ कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रस्तंभात नुकतेच एका वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. ॲडलेड कसोटीतील धावसंख्या, राफेल विमानांची संख्या, महाराष्ट्रातील जिल्हे आणि पत्रिकेतील गुण हे सारे एका माळेत ओवून, ३६ हा आकडा आपल्याला मानवत नाही असा निष्कर्ष त्यांनी त्यात काढला आहे. मी अनेक वर्षे मुंबईतील शाळेत गणित शिकवले असल्यामुळे एका निरुपद्रवी संख्येवर घेतलेला हा आळ मुकाट्याने वाचून सोडून देणे मला जमले नाही. या प्रत्येक ३६ ला स्वतःचे स्वतंत्र कारण आहे, आणि माझ्या मते त्या कारणांत योगायोगापेक्षा कितीतरी अधिक रस आहे.

आधी क्रिकेट घेऊ, कारण जखम तिथलीच आहे. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. नऊ गडी बाद झाले आणि कमिन्सचा चेंडू हातावर बसल्याने शमीला खेळ सोडावा लागला. हेझलवूडने ८ धावांत ५ बळी घेतले, कमिन्सने २१ धावांत ४, आणि मयंक अगरवालच्या ९ धावा ही डावातील सर्वोच्च वैयक्तिक खेळी ठरली. किंचित हलणारा गुलाबी चेंडू, ऑफ स्टंपच्या आसपास एकाच टप्प्यावर होणारा मारा आणि बॅटची कड घेऊन गेलेले झेल हे त्याचे कारण. त्यात गूढ काही नाही. कसोटीत ३६ वर बाद होणारा भारत हा पहिला संघही नव्हे. ज्यांनी आपल्याला तिथे गुंडाळले, ते ऑस्ट्रेलियनच १९०२ मध्ये एजबॅस्टनला इंग्लंडविरुद्ध ३६ धावांत बाद झाले होते आणि १९३२ मध्ये मेलबर्नला त्यांनी दक्षिण आफ्रिकेलाही तेवढ्याच धावांत उखडले होते. शिवाय त्या अशुभ आकड्यानंतरच्या कसोटीत मुंबईच्या अजिंक्य रहाणेने मेलबर्नला ११२ धावा केल्या आणि भारताने ती मालिका २-१ अशी जिंकली, याचा उल्लेख संबंधित पत्रात सोयीस्कररीत्या गाळलेला दिसतो.

मुंबईकराला तर ३६ ची दोन अगदी परस्परविरुद्ध रूपे ठाऊक आहेत. ७ जून १९७५ रोजी पहिल्या विश्वचषकात इंग्लंडने ४ बाद ३३४ धावा केल्यानंतर सुनील गावसकर पूर्ण ६० षटके खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ वर परतले, आणि भारताची मजल ३ बाद १३२ पर्यंतच गेली. त्या संथपणाची चर्चा आमच्या पिढीने चहाच्या किती कपांवर केली असेल याचा हिशेब नाही. १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडेवर बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात रवी शास्त्री यांनी तिलक राज यांच्या एका षटकात सहा षटकार मारले, त्याही धावा ३६. एकाने त्यासाठी अख्खा डाव घेतला, दुसऱ्याने सहा चेंडू. दुसऱ्या ३६ चे मूळ सरळ आहे : षटकात चेंडू सहा आणि एका चेंडूवर बॅटमधून सहसा मिळणाऱ्या कमाल धावाही सहाच. हे बंधन नो-बॉलमुळे सैल होते. म्हणून २०२२ मध्ये ऋतुराज गायकवाडने विजय हजारे करंडकात एका षटकात सात षटकार मारले आणि त्या षटकात ४३ धावा निघाल्या.

आता राफेल. २३ सप्टेंबर २०१६ रोजी झालेल्या करारात ३६ विमाने आली, कारण आपल्या हवाई दलात लढाऊ विमानांची एक तुकडी साधारणपणे १८ विमानांची धरतात आणि घ्यायच्या होत्या दोन तुकड्या. एक अंबाला येथे, दुसरी पश्चिम बंगालमधील हाशिमारा येथे. आधीच्या, पुढे रद्द झालेल्या खरेदीतील १२६ हा आकडाही सात तुकड्यांचा, म्हणजे १८ गुणिले ७ असाच होता. विमाने किती असावीत, किंमत योग्य होती का, यावर संसदेत आणि न्यायालयात भरपूर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. मात्र त्या वादात ३६ च्या शुभाशुभतेला काही स्थान नाही.

पत्रलेखकांच्या नजरेतून लष्करातील खरा जुना ३६ मात्र निसटला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी वापरात आणलेल्या मिल्स हातबॉम्बच्या सुधारित आवृत्तीला '३६ क्रमांक' मिळाला. आधी ५ क्रमांकाचा होता, मग २३ चा आला, त्यानंतर ३६ चा. नोंदवहीतील अनुक्रमांक, एवढेच. अननसासारखे चौकटीचौकटीचे ओतीव लोखंडी कवच असलेला हा हातबॉम्ब युद्धपटांत आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याचा '३६ एम' हा प्रकार मेसोपोटेमियाच्या आघाडीसाठी लाखेचा लेप देऊन बनवला गेला, आणि त्या आघाडीवर हिंदी सैनिकांचे प्रमाण मोठे होते. हाच ३६ क्रमांक आपल्या पायदळाने स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके बाळगला. त्याच्या जागी डीआरडीओच्या चंडीगड येथील प्रयोगशाळेने विकसित केलेला 'मल्टी-मोड' हातबॉम्ब आला आणि तो तयार होतो आपल्या नागपुरात. २०२१ मध्ये त्याची पहिली मोठी खेप सैन्याच्या हवाली झाली. एकाच आकड्याखाली खरेदी केलेली विमाने आणि क्रमांक पडलेला हातबॉम्ब येतात तेव्हा आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत असतो : पहिला ३६ मोजलेला आहे, दुसरा केवळ नाव म्हणून चिकटवलेला.

जिल्ह्यांचे म्हणाल तर महाराष्ट्र २६ जिल्ह्यांचा जन्मला आणि टप्प्याटप्प्याने वाढत १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाल्यावर ३६ वर आला. उद्या आणखी एखाद्या जिल्ह्याची मागणी मान्य झाली की हा ३६ इतिहासजमा होईल.

मुंबईचा ३६ मला त्याहून देखणा वाटतो. लोकसभेचे सहा मतदारसंघ आणि प्रत्येकात विधानसभेचे सहा, म्हणजे शास्त्रींच्या षटकासारखाच हिशेब. मतदारसंघांच्या पुनर्रचनेपूर्वी हा आकडा ३४ होता; २००९ च्या निवडणुकीपासून तो ३६ झाला आणि त्यात शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या, तर उपनगरांच्या १७ वरून २६ वर गेल्या. गिरगाव, लालबाग, परळ सोडून माणसे दहिसर-मुलुंडकडे सरकली, त्याची ही सरकारी पावती. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, चाळींतील रिकाम्या खोल्या आणि बोरिवलीची गर्दीची लोकल हे सगळे या एका बेरजेत आहे. आकड्याला अशुभ म्हणून हात झटकले की हे वाचायचे राहून जाते.

घरातल्या ३६ विषयी थोडेच लिहितो. पत्रिका जुळवताना पाहिल्या जाणाऱ्या आठ कूटांना, म्हणजे आठ बाबींना, वर्णाला १, वश्याला २ असे चढत्या क्रमाने नाडीला ८ पर्यंत गुण आहेत. एक ते आठची बेरीज ३६. पत्रिका जुळवण्यावर माझा विश्वास नाही, बेरजेवर आहे. गंमत अशी की, पाठीला पाठ लावून बसलेल्या ३ आणि ६ वरून आपण वैराला छत्तीसचा आकडा म्हणतो आणि लग्नाच्या बैठकीत त्याच छत्तीसची आस धरतो. मंगलदास मार्केटमध्ये कापड मीटरवर मोजून देतात, पण अस्तराचे कापड मागितले की दुकानदार त्याची रुंदी इंचांत धरून अजूनही "पन्हा छत्तीसचा की चव्वेचाळीसचा?" असेच विचारतो. वार ३६ इंचांचा, म्हणून तो पन्हा एक वाराचा. नऊवारीची लांबी काढायची तर नऊ छत्तीसे ३२४ इंच. सहाचा वर्ग, तीन डझन, अठराची दुप्पट, एक ते आठची बेरीज अशा अनेक वाटा ज्या संख्येपाशी येऊन मिळतात ती वारंवार भेटणारच. तिला नऊ विभाजक आहेत. तिच्या शेजारच्या ३७ ला दोनच, आणि ३७ विषयी कोणी पत्र लिहीत नाही.

हवे असेल तर असा पुरावा मी कोणत्याही आकड्याविरुद्ध उभा करून दाखवीन. ॲडलेडला कर्णधार विराट कोहलीच्या पाठीवर १८ होते, राफेलची तुकडी १८ ची, पत्रिकेत किमान १८ गुण लागतात आणि १८ हे ३६ चे निम्मे! किंवा २६ घ्या : नौदलासाठी २०२५ मध्ये करार झाला तो २६ राफेलचा, उपनगरांतील आमदार २६, महाराष्ट्र जन्मला तेव्हाचे जिल्हे २६ आणि कसोटीत न्यूझीलंडची १९५५ मधील नीचांकी धावसंख्याही २६.

२६ चा विषय मी केवळ विनोदासाठी काढलेला नाही. या शहरात २६ जुलै आणि २६ नोव्हेंबर या तारखांमुळे '२६ तारीखच वाईट' असे म्हणणारी माणसे शिकल्यासवरलेल्या घरांतही भेटतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरतीची वेळ गाठली गेली आणि अतिक्रमणांनी व गाळाने आवळलेल्या मिठी नदीला ते पाणी वाहून नेता आले नाही. मिठीच्या पात्राचे काय झाले हा प्रश्न महापालिकेला आणि सरकारला विचारता येतो, तारखेला विचारता येत नाही. दोष तारखेवर ढकलला की ज्यांनी उत्तर द्यायचे ते सुटतात.

तेव्हा विनंती अशी की, अंकज्योतिषाची पत्रे आपणास छापायचीच असतील तर ती राशिभविष्याच्या शेजारी छापावीत. क्रीडा, संरक्षण आणि नागरी प्रश्नांवरील पत्रव्यवहारात त्यांना जागा देऊ नये.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई