धारवाडला कोण फिरायला जातं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फिरायला कुठे जावं याच्यावर जे येतं ते आमच्या घरी आवडीनं वाचलं जातं, पण खरं सांगू का, गेली कित्येक वर्षं त्यात गोवा, आंबोली, दांडेली आणि पावसाळा आला की परत आंबोली. सगळं बेळगाव एकाच रविवारी एकाच धबधब्याखाली उभं असतं, आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून माणसं घाटातच वडापाव खाऊन परत येतात. आम्ही पण तेच करायचो. या वर्षी बायको म्हणाली, यावेळी घाट नको, आईंना गाडी लागते, जवळ कुठेतरी जाऊ. मी म्हटलं धारवाड. त्यावर पोरगी, बायको, शेजारचे काका सगळे एका सुरात, "धारवाडला कोण फिरायला जातं?"

आता त्यांचं पण चूक नाही. आपल्यासाठी धारवाड म्हणजे तीनच गोष्टी, हायकोर्टाची तारीख, अ‍ॅडमिशन आणि पेढा. माझ्या स्वतःच्या डिग्रीवर कर्नाटक विद्यापीठ, धारवाड असं छापलंय. २०१० ला बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्याच्या आधी आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांचं तेच होतं. म्हणजे माझ्या वयाच्या निम्म्या बेळगावकरांच्या कपाटात धारवाडचं नाव असलेला कागद आहे आणि बघितलंय काय तर एक खिडकी. मी १९९४ ला मार्कलिस्टसाठी गेलेलो, फॉर्म भरताना माझ्याच नावाचं स्पेलिंग मीच चुकवलेलं, दिवसभर त्या खिडकीसमोर उभा राहून संध्याकाळच्या बसनं परत. मान वर करून विद्यापीठाची टेकडी सुद्धा बघितली नाही, आणि त्या टेकडीला तिथले लोक छोटा महाबळेश्वर म्हणतात हे मला तीस वर्षांनी कळलं.

तर ठरलं जायचं. आणि इथेच पहिली चूक केली, जी कुणी करू नये म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. शनिवारची रूम बघायला गुरुवारी रात्री फोन लावले. चार ठिकाणी विचारलं, चारही फुल्ल. पाचव्या ठिकाणच्या मॅनेजरनं कन्नडमधे विचारलं, परीक्षेला येताय काय? मी म्हटलं नाही हो, फिरायला. तो दोन सेकंद गप्पच झाला. मग म्हणाला, सर, रविवारी भरतीची परीक्षा आहे, पोरं आणि त्यांचे आईवडील सगळे इथेच उतरलेत, तुम्ही पंधरा दिवसांनी या. कॉलेजच्या गावाचं गणित वेगळं असतं बघा, तिथे सीझन सुट्टीवर नाही, परीक्षेवर चालतो. सीईटी, पदवीदान, अ‍ॅडमिशनचं काउन्सेलिंग, भरती, यातलं काही असलं की लॉजवाला राजा. आणि सुट्टी लागली की उलटं, रूम स्वस्त पण गाव रिकामं, कॅन्टीन बंद, पोरं गावाला गेलेली, मग बघणार काय?

पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. हिरेबागेवाडीचा टोल, एम.के. हुबळीला चहा, कित्तूरला आत वळून राणी चन्नम्मांचा किल्ला. किल्ला म्हणजे आता पडक्या भिंती आणि वाड्याची जोती, पण १८२४ ला इथेच इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला हे आईनं नातीला तिथेच उभं राहून सांगितलं, अभ्यासक्रमातल्यापेक्षा बरंच रंगवून. पाऊणशे-ऐंशी किलोमीटरचा रस्ता, थांबत थांबत गेलो तरी दहाला धारवाड. रेल्वेनं पण जाता येतं, खानापूर-लोंढा-अळणावर असा मोठा वळसा आहे, पावसात तो सुंदर दिसतो म्हणतात, पण म्हातारं माणूस सोबत असलं की गाडीच बरी. कित्तूरवरनं सरळ रेल्वे होणार हे आम्ही तुमच्याच पेपरात वाचत म्हातारे व्हायला लागलोय, असो.

शनिवार मुद्दाम निवडला होता आणि ते अगदी बरोबर ठरलं. विद्यापीठाच्या टेकडीवर गेटवर विचारून आत गेलो, झाडं एवढी की ऊन खाली पोचतच नव्हतं. हे विद्यापीठ १९४९ ला मुंबईत सुरू झालं आणि मग धारवाडला हललं, कारण तेव्हा धारवाड मुंबई राज्यातच होतं, हे मी पोरीला सांगितलं तर म्हणाली म्हणजे बाबा तुम्ही उगीच स्वतःला परका समजत होता. गावातलं कर्नाटक कॉलेज तर त्याच्याही आधीचं, १९१७ चं. मी माझी ती खिडकी शोधत होतो. सापडली नाही, किंवा सापडली असेल आणि ओळखली नसेल.

पण पोरीला काय आवडलं सांगू? सप्तापूर. तिथे बघण्यासारखं म्हणून काहीच नाही, नुसते कोचिंग क्लास, पीजीच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं आणि पैसे भरून बसायच्या अभ्यासिका. सगळ्या उत्तर कर्नाटकातली पोरं सरकारी नोकरीच्या तयारीला इथे येऊन राहतात. एका दुकानाबाहेर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले, वर स्केचपेननं वर्ष लिहिलेलं, आणि एक मुलगा गिरमिटाचा कागद एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्यातली पानं उलटतोय, तेलाचं बोट लागू नये म्हणून करंगळीनं. गिरमिट म्हणजे आपल्या भडंगाचा ओलसर भाऊ समजा, चुरमुरे, कांदा-टोमॅटो-चिंचेचं वाटण, वर फुटाण्याची पूड आणि बाजूला मिरची भजी. पोरगी बारावीला आहे. तिनं त्या मुलाकडे बघितलं आणि परत येईपर्यंत मोबाईल काढला नाही, आता याचं श्रेय गिरमिटाला की त्या मुलाला ते मला माहीत नाही.

दुपारनंतर मल्लिकार्जुन मन्सूरांच्या घरी गेलो, मृत्युंजय नाव त्याचं, आता स्मारक केलंय. आईचा हट्ट होता. मन्सूरांचं गाणं मंजी खाँ आणि भूर्जी खाँकडचं, म्हणजे कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडचं, त्यामुळे आई म्हणते हे आपलंच घराणं, फक्त घर तिकडे. तिथून साधनकेरी. द. रा. बेंद्रे तिथे राहायचे, कन्नडमधले एवढे मोठे कवी, १९७३ चं ज्ञानपीठ, आणि घरात बोलायचे मराठी. शिकले पुण्यात फर्ग्युसनला, प्रोफेसरकी केली सोलापुरात. आपल्याकडे भाषेवरून जे काही चालतं ते चालू दे, त्यात मी पडत नाही, पण साधनकेरीच्या तळ्याच्या काठावर बसून आई शेजारच्या बाईशी कन्नडमधे आणि आमच्याशी मराठीत एकाच वाक्यात बोलत होती आणि कुणालाच काही वेगळं वाटत नव्हतं.

रविवार मात्र फसला. एक संग्रहालय बघायचं होतं, नाव लिहीत नाही, दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला संडे हॉलिडे. नोकरी करणारा माणूस सहकुटुंब जाणार रविवारीच ना, सोमवारी मंगळवारी उघडं ठेवून बघायला येणार कोण? ऑफिसला रविवारची सुट्टी असते हे मान्य, पण संग्रहालयाची सुट्टी सोमवारी का नको? हे फक्त तिथलं नाही, आपल्याकडे कॉलेजांच्या, संस्थांच्या ताब्यात असलेल्या बऱ्याच बघण्यासारख्या जागांचं हेच आहे.

म्हणून तुमच्याकडे दोन विनंत्या. एक, या रविवारच्या कुलपाबद्दल तुमच्या पेपरातून जरा लिहा, आमच्यासारख्याच्या अर्जाला उत्तर येत नाही, पेपरात आलं की येतं. दुसरी, पुरवणीत धबधब्यांचे फोटो कमी केले तरी चालेल, त्या जागेत एक छोटी चौकट द्या, येत्या दोन आठवड्यांत धारवाड, हुबळी, कोल्हापूर, सांगली इथे कुठली मोठी परीक्षा आहे, पदवीदान कधी आहे, काय उघडं काय बंद. परीक्षांच्या तारखा तुम्ही आतल्या पानावर छापताच, नुसत्या उचलून इकडे आणायच्यात. परीक्षा देणाऱ्या पोरांना पण बरं, आमच्यासारख्यांनी त्यांच्या रूम अडवायला नकोत.

आपला,
एक जुना वाचक,
टिळकवाडी, बेळगाव

ता.क. पेढा राहिला. लाईन बाजारात सकाळी लवकर जा, रांग असते. उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्यानं हा पेढा इथे रुजवला, खवा तांबूस होईपर्यंत भाजतात आणि वर पिठीसाखर. शेजारच्या काकांना पाव किलो नेऊन दिला. खाल्ला, बोटं झटकली आणि म्हणाले, चांगलाय, पण आपल्या कुंद्याची सर नाही. काका अजून धारवाडला गेलेले नाहीत.