गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतली क्युबन बाई

हायलिया, फ्लोरिडा
दि. 9 फेब्रुवारी 2025

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले; परंतु कर-विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की माझ्या टेबलावर दुसऱ्या कशाला जागा उरत नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझा भाचा मित्रमंडळींसह मायामीला येऊन गेला, इथल्या एका स्ट्रिप क्लबात दोन रात्री बसला, आणि परतल्यावर ‘क्युबन मुली म्हणजे नुसती आग, पण खिसा रिकामा झाल्याशिवाय सोडत नाहीत’ असा निकाल त्याने तुला ऐकवला. यात तथ्य किती, असे तू विचारतोस. उभा जन्म वार्ताहरकीत घालवलेल्या तुला एका वाक्याच्या उत्तराने समाधान व्हायचे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हा विषय मला माहीत कसा, हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर तू मिशीत हसशील. माझ्याकडे हिशेब घेऊन येणाऱ्यांत आठ-नऊ नर्तकी आहेत. इथले बहुतेक क्लब त्यांना नोकर मानत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार मानतात. त्यामुळे पगार नाही, रजा नाही, आणि सामाजिक सुरक्षा व वृद्धापकाळच्या आरोग्यविम्याचा जो कर एरवी मालक आणि नोकर निम्मानिम्मा भरतात, तो 15.3 टक्के कर त्यांना एकट्यानेच भरावा लागतो. शिवाय त्या रात्री काम करू दिल्याबद्दल क्लबला ‘हाउस फी’ द्यायची, आणि निघताना डीजे, बाउन्सर व कपडे बदलण्याच्या खोलीतली बाई यांच्या हातावर काहीतरी ठेवायचे. पावसाळी मंगळवारी एखादी बाई घरी पोचते तेव्हा तिच्याच पर्समधले चाळीस-पन्नास डॉलर कमी झालेले असतात. खिसा रिकामा होण्याची गोष्ट तुझ्या भाच्याने काढली, तेव्हा मला आधी या पावत्या आठवल्या. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकेही माझ्याच खुर्चीत येऊन बसतात: छपरे घालणारे ठेकेदार, मालवाहू ट्रकांचे मालक, दंतवैद्य. खर्चाच्या यादीत ते ‘व्यावसायिक करमणूक’ असे लिहून आणतात, मी ते खोडतो, आणि मग ते हसत हसत मला त्या रात्रीच्या हकिकती सांगतात. मी स्वतः त्यांच्या आग्रहाखातर दोनदा आत जाऊन आलो आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. सुमतीलाही ते ठाऊक आहे.

या हकिकतींतली क्युबन बाई नेहमी एकच असते. ती सावळी, भरल्या अंगाची, तापट, क्षणात प्रेमळ आणि क्षणात भांडखोर. नाच तिच्या रक्तातच. ती कालच नावेतून उतरलेली, म्हणून थोडक्यात खूश होणारी. आणि तरीही इतकी धूर्त की बोलता बोलता हजार डॉलर काढून घेईल आणि शेवटी ग्रीन कार्डासाठी लग्न गळ्यात मारेल. एकाच बाईत हे सगळे कसे मावते, असा प्रश्न सांगणाऱ्याला पडत नाही. मला मात्र असे दिसले की यातला गोड भाग गिऱ्हाईक क्लबात शिरताना बोलतो आणि कडू भाग बाहेर पडून बँकेचे खाते पाहिल्यावर बोलतो. बाई तीच असते; मधल्या वेळात त्याने पैसे दिलेले असतात, आणि जे आपल्या रुबाबावर मिळाले असे त्याला वाटत होते ते विकत घेतलेले होते, हे आठवणे त्याला जड जाते. म्हणून ती ‘धूर्त’ ठरते.

ग्रीन कार्डाची गोष्ट तर मुळातच उलटी आहे. लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांत लग्नाची गरज ज्यांना सर्वांत कमी, ते क्युबन. 1966 च्या क्युबन अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्टप्रमाणे रीतसर प्रवेश मिळालेला क्युबन माणूस वर्ष आणि एक दिवस इथे राहिला की स्वतःच्या नावावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकतो. कोलंबिया किंवा होंडुरासच्या बाईला हे नशीब नाही. अलीकडे गुंता झाला आहे तो वेगळाच. नोव्हेंबर 2021 मध्ये निकाराग्वाने क्युबनांसाठी व्हिसाची अट काढली, तेव्हापासून लाखो लोक तिथे विमानाने उतरून मेक्सिकोमार्गे सीमेवर आले, आणि त्यांतल्या पुष्कळांना ‘आय-220ए’ नावाचा कागद देऊन सोडण्यात आले. हा कागद म्हणजे रीतसर प्रवेश नव्हे, असा निर्णय 2023 मध्ये आला आणि ते लोक अधांतरी राहिले. माझ्याकडच्या दोघी त्यांतल्याच आहेत. त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी वकिलाच्या हप्त्याच्या पावत्या असतात. पण हे नावेतून उतरणे नव्हे, आणि गिऱ्हाइकाला हवी असते ती नावच, कारण 1980 साली मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसे आली आणि 1994 साली तराफ्यांवरून तीसेक हजार निघाली, ती चित्रे टीव्हीवरून त्याच्या डोक्यात पक्की बसली आहेत.

आता ‘आगी’बद्दल. इथे रस्त्याकडेला कॉफीच्या खिडक्या असतात, त्यांना ‘व्हेंतानिता’ म्हणतात. तिथे उभे राहून छोट्या पेल्यांतून दाट, गोड कॉफी प्यायची असते, आणि ‘कोलादा’ मागवली तर सोबत आणखी चार-पाच इवले पेले येतात ते शेजारच्यांना वाटायला. मी या गावात आलो त्या पहिल्या आठवड्यात अशाच एका खिडकीतली साठीची बाई मला म्हणाली, ‘दीमे, मी आमोर.’ म्हणजे, ‘बोल, माझ्या प्रेमा.’ मराठी कानाला त्यातला ‘मी’ उगाच ओळखीचा वाटला आणि मी चक्क लाजलो. पुढे लक्षात आले की ती पोस्टमनलाही तेच म्हणते, पोलिसालाही तेच म्हणते आणि उधारी थकवणाऱ्यालाही शिव्या घालण्यापूर्वी तेच म्हणते. ‘मी आमोर’, ‘मी व्हिदा’ (माझ्या जिवा), ‘पापी’ (म्हणजे लाडाने ‘बाबा’) ही क्युबनांची रोजची संबोधने आहेत. आपल्या भाजीवाल्या मावशींनी ‘घे रे राजा, ताजी आहे मेथी’ म्हटले म्हणून कोणी सिंहासन शोधत नाही. क्लबात मात्र ओहायोहून आलेल्या गिऱ्हाइकाच्या कानाशी हेच शब्द पडले की त्याला वाटते, ही खास आपल्यासाठी विरघळली. त्यात क्युबन माणसे बोलतात मोठ्याने, जवळ उभी राहून, हाताला स्पर्श करत, शब्दांचे शेवटचे ‘स’ गिळत आणि एकमेकांचे वाक्य तोडत. हीच लकब दुसऱ्या क्षणी त्याला ‘तापटपणा’ वाटते. एका बाईने मला सांगितले, ‘मी आईशी फोनवर डाळीच्या भावाबद्दल बोलत होते, आणि टेबलावरचा माणूस म्हणाला, केवढी भांडतेस!’

रंगाचेही तसेच. क्युबाच्या 2012 च्या जनगणनेत 64 टक्के लोकांनी स्वतःला गोरे म्हणून नोंदवले. माझ्याकडे येणारी ओल्गीन प्रांतातली एक मुलगी पिंगट केसांची आणि घाऱ्या डोळ्यांची आहे. तिला दर आठवड्याला कोणीतरी ‘तू क्युबन दिसत नाहीस’ असे सांगतो. उलट डॉमिनिकन असलेली तिची मैत्रीण स्वतःला क्युबन म्हणवते, कारण त्या क्लबात ते खपते. पिंगट केसांची अखेर कंटाळून ‘मी ब्राझीलची’ म्हणू लागली. नाचाची गंमत तर विचारूच नकोस. गिऱ्हाईक ‘साल्सा शिकव’ म्हणतो. पण क्युबात त्या जोडीनाचाला ‘कासिनो’ म्हणतात, तो शाळेच्या अंगणात किंवा लग्नात चपला घालून करतात, आणि हवानाच्या वस्त्यांतून आलेल्या या पिढीच्या मुली ऐकतात ‘रेपार्तो’, म्हणजे रेगेतोन या लॅटिन नाचगाण्याचा तिथला रांगडा प्रकार. खांबावर चढण्याची कसरत तर त्या सगळ्या मायामीतच शिकल्या, पैसे मोजून.

मग ही ठराविक बाई आली कुठून? क्लबवाल्यांनी ती घडवलेली नाही. त्यांना ती तयार मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हवानाचे कारखानदार सिगारेटच्या वेष्टनांवर रंगीत शिळाछापाची चित्रे छापत, आणि त्यांचा आवडता विषय असे ‘मुलाता’, म्हणजे गोऱ्या आणि काळ्या वंशांच्या मिश्रणातून जन्मलेली स्त्री: तिचे नटणे, गोऱ्या सरदाराला भुलवणे, आणि शेवटी तिची दुर्गती. क्युबातली गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 मध्ये, म्हणजे ही चित्रे निघत होती तेव्हा साखरेच्या मळ्यांत माणसे विकत घेतली जात होती. मालकाने दासीवर केलेल्या जबरदस्तीची लेक चित्रात मात्र मालकालाच भुलवणारी झाली. पुढे 1939 मध्ये हवानाच्या मारियानाओ भागात ट्रॉपिकाना कॅबरे उघडला, आणि 1950 च्या दशकात मायामीहून रात्रीच्या विमानात वादक-नर्तकांसह प्रवाशांना तिथे नेले जाई. त्याच सुमारास मेक्सिकोच्या चित्रपटांत ‘रुंबेरा’ नर्तकींची लाट आली. त्यांतल्या निनोन सेव्हिया, मारिया आंतोनिएता पोन्स या मोठ्या तारका क्युबात जन्मलेल्या होत्या. 1959 च्या क्रांतीनंतर क्युबाच्या सरकारने वेश्यांसाठी शाळा काढल्या, शिवण-टंकलेखन शिकवले आणि प्रश्न संपल्याचे जाहीर केले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर उपासमारीची वर्षे आली, 1993 मध्ये डॉलर बाळगणे कायदेशीर झाले, पर्यटक आले, आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या मुलींना ‘हिनेतेरा’ हा शब्द रूढ झाला. त्याचा शब्दशः अर्थ घोडेस्वारीण. घोडा म्हणजे अर्थातच पर्यटक. तेव्हा तुझ्या भाच्याच्या वाक्याचा पूर्वार्ध सिगारेटच्या वेष्टनावरून आला आहे आणि उत्तरार्ध 1993 च्या हवानाच्या समुद्रकठड्यावरून, हे त्याला जरूर सांग.

सर्वांत कडवट शेरे मी ऐकले ते क्युबन गिऱ्हाइकांकडूनच. 1960 च्या सुमारास आलेल्या कुटुंबांतला, इथेच जन्मलेला एक ठेकेदार म्हणतो, ‘आमच्या आया वेगळ्या होत्या, या नव्या मुली त्या राजवटीत वाढल्या, यांना लाज नाही.’ मारिएलहून आलेल्यांबद्दल त्याचे वडील हेच म्हणत, आणि आज मारिएलहून आलेलाही नव्या आलेल्यांबद्दल हेच म्हणतो. शुक्रवारी रात्री मात्र तिघेही एकाच क्लबात, शेजारशेजारच्या टेबलांवर सापडतील.

नर्तकींना हे सारे कळते, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. त्यांचा खरा धंदा माणूस वाचण्याचा आहे. कॅथरीन फ्रँक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्वतः नर्तकीचे काम करून नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, आणि त्यांना आढळले की हे पुरुष बहुधा शरीरसुखासाठी नव्हे, तर घर व कचेरीच्या अपेक्षांतून सुटून कोणीतरी खरेखुरे आपले ऐकते आहे या भावनेसाठी येतात. ‘खरेखुरे’ या शब्दातच क्युबनपणाची किंमत आहे. उष्ण देशातली, मनातले लपवू न शकणारी बाई खोटे कशी बोलेल? माझी एक अशील याला ‘गणवेश’ म्हणते. टेबलावर बसताना ती आपले उच्चार मुद्दाम जाड करते, इंग्रजी आहे त्याहून मोडके बोलते, आणि एकदा तरी लटके रागावते. ‘रागावले नाही तर त्यांना पैसे वाया गेल्यासारखे वाटते,’ असे ती म्हणाली. हे सांगतानाचे तिचे इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले होते.

हे लिहिताना मला तुझी 2005 सालची पत्रे आठवत आहेत. महाराष्ट्रातले डान्स बार बंद झाले तेव्हा तू मुंबईत कोर्टाच्या फेऱ्या मारत होतास, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली तेव्हा तुझा रात्री फोन आला होता. बारवाल्या मुली लाखो कमावतात, संसार मोडतात, त्या ‘बाहेरच्या’ आहेत, असे जे तेव्हा बोलले जाई त्याचे तू टिपण ठेवले होतेस. नोटा उधळणाऱ्याचे वर्णन मात्र त्या टिपणात कुठेच नव्हते, आणि मीच ते विचारले होते, म्हणून आज हक्काने आठवण करून देतो.

मी स्वतः यातून सुटलेलो नाही, हेही सांगतो. सुरुवातीला मी मित्रांना मोठ्या सहानुभूतीने सांगत असे की, ‘त्यांच्यातली एक क्युबातल्या सांता क्लाराला रसायनशास्त्र शिकवत होती.’ ऐकणारे हळहळत, आणि मला बरे वाटे. एके दिवशी तीच बाई मला म्हणाली, ‘तुम्ही हे सांगता म्हणजे जिने काही शिकलेच नाही तिने काय करावे?’ गिऱ्हाइकाला ‘आग’ हवी, तशी मला ‘पदवी’ हवी होती. तेव्हापासून ते वाक्य मी बंद केले, आणि आज तुझ्यापुढे पुन्हा लिहून बसलो आहे.

गेल्या वर्षी 18 ऑक्टोबरला मातान्सासचे वीजकेंद्र बंद पडले आणि क्युबाभर अंधार झाला. त्या रात्री ओल्गीनची ती पिंगट केसांची मुलगी कामावर होती, आणि आईचा फोन लागत नसल्याने दर दहा मिनिटांनी उठून कपडे बदलण्याच्या खोलीत जात होती. योगायोगाने माझा एक ठेकेदार अशील त्याच क्लबात होता. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला की ब्राझीलच्या मुली फार थंड असतात, त्यापेक्षा क्युबन बऱ्या. मी काही बोललो नाही. तिचा हिशेब माझ्याकडे आहे हे मला सांगता येत नाही. तिच्या आईचा फोन चौथ्या दिवशी लागला. यंदाच्या हिशेबात तिने तांदूळ, तेल आणि कोंबडीच्या पार्सलांच्या अकरा पावत्या आणल्या आहेत, आणि आई अमेरिकेत राहत नसल्याने त्यांतली एकही मला वजावटीत धरता येत नाही.

माईंना साष्टांग नमस्कार. भाच्याला हे पत्र वाचून दाखवायचे की नाही ते तूच ठरव.

तुझा,
विश्वास