ब्लॉकच्या दिवशी पार्किंगलाही सवलत हवी

मुंबई लोकलच्या रविवारच्या मेगाब्लॉकचे, म्हणजे देखभालीसाठी काही तास गाड्या बंद ठेवण्याचे, वेळापत्रक आपल्या अंकात वाचले. हार्बर मार्गावर सीएसएमटी ते चुनाभट्टी-वांद्रे ब्लॉक असतो तेव्हा हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर मुख्य आणि पश्चिम मार्गाने प्रवासाची मुभा मिळते. ही सोय चांगलीच आहे, पण ती फलाटावरच संपते. चेंबूर-गोवंडीचा प्रवासी अशा दिवशी दुचाकी घेऊन कुर्ला किंवा घाटकोपर गाठतो. त्याचा मासिक पार्किंग पास मात्र नेहमीच्याच स्थानकापुरता असतो आणि कुर्ला-घाटकोपरला नव्याने पैसे मोजावे लागतात, तेही जागा मिळाली तर.

पावसात हाल अधिक. ८ जुलै २०२४ रोजी मध्य रेल्वे कोलमडली, तशा दिवशी दुचाकी वाहनतळावर रात्रीपर्यंत अडकून पडते. शुल्क तासांच्या टप्प्यांवर असल्याने रेल्वेच्या विलंबाचा भुर्दंड प्रवाशाला पडतो. वाहनतळाचे कंत्राट देतानाच रेल्वेने आणि नवी मुंबईतील स्थानकांपुरते सिडकोने दोन अटी घालाव्यात: ब्लॉकच्या दिवशी पास पर्यायी स्थानकावर चालावा आणि सेवा विस्कळीत असताना जादा तासांचे पैसे घेऊ नयेत.

– एक वाचक, चेंबूर