धोऱ्यांवर गाडी कुणी न्यावी, कुठून न्यावी: राजस्थानच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री,
राजस्थान सरकार, जयपूर

सादर नमस्कार.

जैसलमेरजवळच्या सम आणि खुरीच्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक चालकाची परीक्षा घ्यावी, त्याला परवाना द्यावा आणि गाड्यांसाठी मार्ग आखून द्यावेत, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. मी सोलापूरची. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आमच्या भागातून जैसलमेरला जाणाऱ्या कुटुंबांची रीघ असते. किल्ला आणि पटव्यांच्या हवेल्या पाहून झाल्या की दुपारी चारनंतर सगळ्यांचे पाय वाळूकडे वळतात. म्हणून हा प्रश्न आमच्याही घरातला आहे.

आम्ही समला गेलो तेव्हा कॅम्पवाल्याने उघडी जीप दिली. सीटला पट्टे नव्हते. मुलांना मागे लोखंडी पाइप धरून उभे केले, कारण फोटो तसेच चांगले येतात म्हणे. चालक विशीतला, हंगामापुरता बाहेरून आलेला. जीपच्या तीन-चार उड्यांनंतर आमच्यातल्या एका मावशींना बसता येईना. मणका दबला होता. गाडीत प्रथमोपचाराची पेटी नव्हती आणि जैसलमेर चाळीस किलोमीटरवर.

वाळूत गाडी चालवणे ही वेगळी विद्या आहे. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू सावकाश चढत जाते आणि घट्ट असते. पलीकडची बाजू तीस अंशांहून तीव्र, भुसभुशीत. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडे माणूस आहे, उंट आहे की समोरून दुसरी जीप येते आहे, काही दिसत नाही. उतारावर गाडी आडवी घातली की ती उलटते; नाक सरळ खाली ठेवूनच उतरावे लागते. टायरमधली हवा आधी कमी करावी लागते. दुसऱ्या दिवशी खुरीला आम्हाला हे सगळे जाणणारा माणूस भेटला. पन्नाशीचा, तिथलाच. त्याने पट्टे लावल्याशिवाय गाडी हलवली नाही. प्रत्येक माथ्याखाली थांबून, चालत वर जाऊन पाहिले. सेवण गवताचे पुंजके चुकवत गाडी नेली, सांडा नावाच्या वाळवंटी सरड्याचे बीळ दाखवले, फोगाच्या झुडपाच्या मुळाशी वाळू कशी धरून राहते ते दाखवले. मुलांना कालच्या उड्यांपेक्षा हेच जास्त आवडले. पण त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी. कॅम्पवाले पैसे फेरीवर देतात, तो म्हणाला. दोन तासांत जो चार फेऱ्या मारेल त्याला काम. म्हणजे जो उत्तम वाटाड्या आहे तोच या धंद्यात मागे पडतो. मला सर्वांत जास्त लागले ते हे.

नियम कागदावर असतील. आम्हाला वाळूवर ते कुठे दिसले नाहीत. कितीतरी गाड्यांना पांढऱ्या पाट्या होत्या. खासगी गाडी भाड्याने फिरवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि हे त्या गाडीत बसणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आपल्याच राज्यात रणथंबोरला मात्र चित्र वेगळे आहे. तिथे सफारीच्या गाड्या, म्हणजे छोट्या जिप्सी आणि मोठे कँटर, नोंदणीकृत, गाइड नोंदणीकृत, झोन ठरलेले, गाड्यांची संख्या ठरलेली. वाघासाठी जे जमले ते वाळवंटासाठी जमू शकते. दुबईनेही आपल्या २२५ चौरस किलोमीटरच्या संरक्षित वाळवंटात परवानाधारक मोजक्या कंपन्यांनाच ठरलेल्या वाटांनी जाऊ दिले आहे, आणि तरीही तिथे पर्यटकांची वाण नाही.

सम-खुरीच्या परिसरातच ३,१६२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय मरू उद्यान आहे. आपला राज्यपक्षी गोडावण, आमचा माळढोक, आज देशात दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. तो बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर, उन्हाळ्या-पावसाळ्यात. पर्यटकांचा हंगाम हिवाळ्याचा, त्यामुळे अंडे थेट चाकाखाली येण्याची भीती कमी, हे मला मान्य आहे. पण वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नसलेल्या जमिनीत एकदा चिरडलेले सेवण पुन्हा उभे राहायला वेळ लागतो, आणि गोडावणाचे किडे, नाकतोडे, आडोसा सगळे त्या गवतातच. वीजतारांवर आदळण्याचा धोका मोठा आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा झाला. गाड्यांचा धोका त्या मानाने लहान, पण तो दूर करणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. सोलापूरजवळच्या आमच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसणे जवळजवळ थांबले आहे. सोलापूरच्या मुलांना आता तो पाहायचा तर आपल्याकडेच यावे लागते.

उंटवाल्यांचाही विचार व्हावा. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू केले. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सव्वातीन लाखांहून अधिक असलेले उंट २०१९ मध्ये दोन लाख तेरा हजारांवर आले. त्याच धोऱ्यावर भरधाव जीप आणि उंट एकत्र सोडले तर उंट बिचकतो, पर्यटक जीपकडे जातो. काही धोरे फक्त उंटांसाठी आणि पायी फिरणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत.

चालकांच्या परीक्षेत स्थानिकांना पहिला मान मिळावा. फेरीवर नव्हे, तासांवर मोबदला ठरावा. पट्टे, डोक्यावरचा मजबूत सांगाडा, माथ्यापलीकडून दिसेल असा उंच काठीवरचा झेंडा, प्रथमोपचार पेटी आणि पिवळी पाटी नसलेल्या गाडीला वाळूत उतरू देऊ नये. हंगामात समला एक रुग्णवाहिका कायम उभी असावी. यामुळे भाडे वाढले तर ते आम्ही आनंदाने देऊ. मुलांना उड्या मारणाऱ्या गाडीत उभे करण्याची हौस बहुतेक आईबापांना नसते, त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवला जात नाही.

ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू होतो. त्याआधी निदान समच्या धोऱ्यांवर मार्गांच्या खुणा रोवल्या जाव्यात आणि परवानाधारक चालकांची यादी पर्यटन विभागाने जाहीर करावी, ही विनंती. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवत आहे.

आपली,
सोलापूरची एक प्रवासी